वर्गांतील मुकीं मुलें

खेड्यांतील शिक्षकांची एक तक्रार नेहमींची आहे. ती अशी कीं, प्रश्न विचारला असतां पुढल्या ओळींतील तीन-चार मुलें तेवढीं हात वर करितात, आणि मागचीं सर्व मान खालीं घालून बसतात. यावरून तीं मंदबुद्धि आहेत असा निवाडा करण्याची घाई होते. आमच्या मतें हा निवाडा बहुतेक वेळां खोटा असतो. आणि त्यावर मुलाचें पुढील आयुष्य अवलंबून असल्यामुळें त्याचा अंमळ विचार करूं.

बीडहून परळीकडे जाणाऱ्या वाटेवरील वडवणीचा मुलूख घ्या. येथील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि कारखान्यांचा हंगाम सरल्यावर पाडव्याच्या आगेमागें परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता गणला जातो. मुलें संगें गेलीं म्हणजे शाळेचें अर्धें वर्ष कोपींत जातें. धाकट्या भावंडांस सांभाळणें, पाणी भरणें, वाढें बांधणें हाच तेथील अभ्यास. परत येऊन मूल वर्गांत बसतें तों सोबती भागाकारास लागलेले, आणि तें वजाबाकीपाशींच थांबलेलें! अशा मुलास सर्वांदेखत उभें करून प्रश्न विचारणें म्हणजे त्याची उणीव चव्हाट्यावर मांडणें होय. दोन-चार वेळां हंशा झाला कीं तें गप्प होतें, आणि पुढच्या दिवाळीस गेलें कीं शाळेंत फिरून येत नाहीं. मुलगी असली तर लौकरच लग्नाची बोलणीं निघतात. मुलांनीं मागें राहावें म्हणून हंगामी वसतिगृहें निघालीं आहेत, तीं उपयोगीं खरींच. तथापि हजेरींत नांव आहे पण तोंड बंद आहे, अशा मुलाचें काम त्यानें भागत नाहीं.

यांच्या आजोबा-पणजोबांच्या मौनाचें कारण निराळें होतें. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, व वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून चाले. मनांत समजलेलें मराठी मुलास सांगतां येत नसे. आज भाषा मराठीच आहे, तरी पुस्तकांतील मराठी आणि घरची बोली यांत अंतर राहतेंच. बोलींत दिलेलें उत्तर बरोबर असेल तर आधीं 'बरोबर' म्हणावें. शब्द मागाहून सुधारावा, आणि तोही टोंचून नव्हे.

दुसरी गोष्ट धीराची. अमेरिकेंतील मेरी बड रो या विदुषीनें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें दाखविलें कीं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सुमारें १ सेकंदच थांबतात. तेच ३ सेकंद किंवा अधिक थांबले तर उत्तरें लांब व विचारपूर्वक येतात, आणि एरवीं न बोलणारीं मुलेंही बोलूं लागतात. यास ना पैका लागतो ना साहित्य. मनांत सावकाश पांच अंक मोजावे. तोंवर पुढल्या ओळीच्या हातांकडे पाहूं नये. याहून सोपें म्हणजे सर्वांनीं उत्तर पाटीवर लिहून एकदम वर धरावें, अथवा आधीं शेजाऱ्याशीं बोलून मग वर्गास सांगावें. चुकीची लाज मग एकट्याची राहत नाहीं.

प्रश्न कशाविषयीं असावा, हें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. ज्या मुलास पुस्तकांतील गणित येत नाहीं त्यास मोळ्या, टन, वजनाची पावती आणि उचल यांचा हिशेब कानावर पडून ठाऊक असतो. 'मुकादमाकडून ५०,००० रुपये उचल घेतली, मजुरींतून ३८,००० फिटले, तर अंगावर किती राहिले?' असा प्रश्न घाला. १२,००० हें उत्तर कदाचित् मागच्याच ओळींतून प्रथम येईल. मात्र उदाहरण कल्पित असावें. त्याच्या बापाचें कर्ज वर्गांत विचारूं नये. गरिबासही अब्रू असते.

मुलांस बोलतें करण्यानें काय घडूं शकतें याचा पुरावा आपल्याच देशांत आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यांतील शाळेंत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजांतील मुलगी. तिनें वयाच्या १४ व्या वर्षीं मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो १८५५ सालीं 'ज्ञानोदयां'त छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांस नाहीं त्यांनीं कोणता धर्म आपला मानावा, असा प्रश्न ती त्यांत करिते. केवळ घोकंपट्टी करविणाऱ्या वर्गांतून असा प्रश्न निघाला असता असें आम्हांस वाटत नाहीं. (घोकणें अगदींच टाकावें असें आमचें म्हणणें नाहीं, पाढे घोकल्यावांचून येत नाहींत.)

मारझोडीविषयीं लिहिण्याची गरज नसावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे, आणि नांवें ठेवून हिणविणें हा छळच होय.

पाडव्यानंतर मूल परतलें कीं पहिले आठ दिवस त्याची परीक्षा घेऊं नये. त्यास समजूतदार सोबत्याजवळ बसवावें. मग एके दिवशीं, कोणत्या कारखान्यास गेला होतास, वाटेंत कोणती नदी लागली, तेथील जमीन काळी कीं मुरमाड, हें विचारावें. भीमा व कृष्णा पुस्तकांत वाचणारे वर्गांत पुष्कळ असतील. ज्यानें त्या ओलांडल्या आहेत त्यास फळ्यापाशीं बोलवावें आणि खडू त्याच्या हातीं द्यावा.