धक्क्याची परीक्षा

कर्जत स्थानक सोडून गाडी घाटाच्या दिशेने निघाली, म्हणजे थोड्याच वेळात पळसदरी येते. पावसाळ्यात येथील तलाव काठोकाठ भरलेला असतो आणि डोंगराच्या कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या धारा उतरत असतात. येथेच खोपोलीचा फाटा आणि बोरघाटाचा लोहमार्ग एकमेकांचा निरोप घेतात. १८६३ साली खुला झालेला हा घाटमार्ग इतका चढाचा आहे, की काही ठिकाणी ३७ फूट पुढे जावे तेव्हा गाडी १ फूट वर चढते. म्हणून वर जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात. इंजिन येऊन टेकले, की डब्याला एक हिसका बसतो. झोपलेला प्रवासी डोळे उघडतो, हातातला चहा हिंदकळतो, आणि जाणता मनुष्य म्हणतो, "इंजिन लागले!"

चढापेक्षा उतार अधिक भयंकर. खाली येणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर काय करावे? त्यासाठी घाटात मुख्य मार्गाच्या बाजूला वर चढत जाणारे रूळ टाकून ठेवलेले आहेत. बेफाम झालेली गाडी त्यांवर वळवली, की चढ चढता चढता तिचा वेग ओसरतो. हीच गाडी कातळावर आदळली असती, तर तीही थांबलीच असती. पण तिचे काय उरले असते? दोन्हीकडे गाडी तीच, वेगही तोच, आणि शेवटी थांबणेही तेच. मात्र एकीकडे थांबण्यासाठी लांब वाट मिळाली, दुसरीकडे ती जवळजवळ मिळालीच नाही. धक्क्याचे सारे मर्म या वाटेत आहे. आंब्याच्या पेटीत पेंढा घालतात तो तरी दुसऱ्या कशासाठी?

थोडा हिशेब करून पाहू. एखादी वस्तू १ मीटर उंचीवरून पडली, तर जमिनीपाशी तिचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. ती १० सेंटिमीटर जाडीच्या मऊ गादीत रुतत थांबली, तर तिच्यावर तिच्या वजनाच्या सुमारे १० पट जोर येतो. थांबण्यास केवळ १ सेंटिमीटर मिळाला, तर तोच जोर १०० पटींच्या घरात जातो, आणि हे सर्व सेकंदाच्या दोनशेव्या भागाहूनही कमी वेळात घडते. उंची मुळीच बदलली नाही. बदलली ती फक्त थांबण्याची वाट.

हे न ओळखल्यामुळे मोठमोठी जहाजेही पंगू झाली आहेत. 'बेलफास्ट' ही ब्रिटिश युद्धनौका २१ नोव्हेंबर १९३९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ पाण्यातील चुंबकी सुरुंगाच्या तडाख्यात सापडली. तिच्या बुडाला फारसे भगदाड पडले नाही; परंतु हादऱ्याने तिचा कणा मोडला आणि आतील यंत्रसामग्री नादुरुस्त झाली. तिला पुन्हा कामावर रुजू होण्यास १९४२ चा नोव्हेंबर उजाडला. जहाजावरची यंत्रे जहाजावर चढवण्यापूर्वीच हादरवून पाहावीत, हा विचार अशा अनुभवांतून बळावला. अमेरिकेच्या नौदलाने त्यासाठी सुमारे १८० किलोग्रॅम वजनाच्या हातोड्याचे यंत्र वापरात आणले. हा हातोडा दीड मीटर उंचीपर्यंत उचलून पोलादी तावदानावर आदळू देतात. तावदानाच्या दुसऱ्या अंगास परीक्षेची वस्तू पक्की बसवलेली असते.

अभियांत्रिकीचे विद्यार्थी असे यंत्र रचू लागतात, तेव्हा प्रथम त्यांना ते अगदी सोपे वाटते. दोन उभे गुळगुळीत दांडे, त्यांवरून वरखाली सरकणारे भक्कम मेज, मेजावर घट्ट आवळलेली वस्तू आणि खाली रबराची गादी. मेज उचलावे आणि सोडून द्यावे. पण वस्तू आपटणे निराळे आणि तिची परीक्षा घेणे निराळे. परीक्षेत प्रत्येक वेळी ठरलेलाच धक्का बसला पाहिजे. नाहीतर आज टिकलेली वस्तू उद्या का मोडली, हे कोण सांगणार? दांडे केसभर तिरपे असले, तर मेज घासत उतरते आणि धक्का सौम्य होतो. मेज पुरेसे ताठ नसले, तर ते घंटेसारखे थरथरत राहते, आणि त्यावर लावलेले त्वरणमापक वस्तूच्या धक्क्याबरोबर मेजाची थरथरही नोंदवते. तळाचा ठोकळा हलका असला, तर अर्धा हादरा खोलीची फरशीच सोसते.

मग गादीचा प्रश्न येतो. रबराची गादी धक्का क्रमाने वाढवते आणि क्रमाने उतरवते. तिच्या जागी शिशाचा शंकू ठेवला, तर तो चेंगरत जाताना धक्का चढत जातो आणि शिखरावर पोचताच एकदम संपतो. कोणता धक्का हवा, हे वस्तू कोठे जाणार आहे यावरून ठरवावे लागते. शिवाय आपटलेले मेज चेंडूप्रमाणे उसळते. त्याला वरच्यावर पकडणारा ब्रेक नसेल, तर परीक्षेत न मागितलेला दुसरा धक्का बसतो. नवख्यांच्या हातून हाच ब्रेक सर्वांत आधी विसरला जातो! आणि मेज वर उचललेले असताना खाली कोणाचा हात गेला तर? म्हणून ते अडवणारी पक्की खीळ आराखड्यात पहिल्या दिवसापासून हवी. मागाहून बसवू, असे म्हणून चालत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, ते घाट चढून पलीकडे गेल्यावर कळते. घाटातील लोहमार्ग खुला होण्यापूर्वीच, १८५४ साली, पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले होते. त्याच संस्थेतील विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास 'स्वयम्' नावाचा उपग्रह रचण्यास घेतला. तो प्रत्येक बाजूस अवघा १० सेंटिमीटर आणि वजनाने सुमारे १ किलोग्रॅम होता. आधीचे विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडत, नवे येत आणि अपुरे काम पुढे नेत. अग्निबाणात कंपने अखंड चालू असतात; जळून गेलेले टप्पे लहान स्फोटांनी तोडले जातात, तेव्हा तीव्र धक्के बसतात. एखादा सैल स्क्रू किंवा कच्चा जोड एवढ्याने आठ वर्षांचे श्रम मुके करू शकतो. त्यामुळे अशा उपग्रहाला जमिनीवर असतानाच हादरवून पाहतात. काही मोडायचेच असेल, तर ते कार्यशाळेत मोडावे, जेथे हाताशी सुटे भाग असतात आणि चूक शोधण्यास सवड असते.

२२ जून २०१६ रोजी सकाळी श्रीहरिकोटा येथून उडालेल्या अग्निबाणात वीस उपग्रह होते. 'स्वयम्' त्यांतील एक. त्या क्षणानंतर त्याचा स्क्रू आवळण्यासाठी कोणालाही त्याच्यापर्यंत पोचता येणार नव्हते.