सायकलीच्या साखळींतील उघडती कडी

आमच्या शाळेंत येणारे पुष्कळ विद्यार्थी रोज सायकलीवरून येतात. कोणी जवळच्या वाडीवरून येतो, तर कोणी चढाचा रस्ता तुडवीत आठ-दहा किलोमीटरांवरून येतो. एके दिवशीं आम्हीं वर्गांत सहज विचारलें, “तुम्ही ब्रेक पाहतां, चाकांतील हवा पाहतां; पण साखळी नीट किती जणांनीं पाहिली आहे ?” वर आलेले हात मोजण्यास आमच्या एका हाताचीं बोटें पुरलीं. मग दुसरा प्रश्न केला, “साखळी जेथें जोडलेली असते, ती कडी कोणती ?” ह्यावर एकहि हात वर आला नाहीं. म्हणून हा पाठ लिहावासा वाटला. तो लिहिण्यास आणखीहि एक कारण आहे. तें पुढें येईल.

प्रथम साखळीची रचना पाहूं. आजच्या साखळीचें मूळ रूप हान्स रेनोल्ड ह्या स्विस एंजिनियरानें इ. स. १८८० मध्यें इंग्लंडांतील मँचेस्टर येथें सिद्ध केलें. तिच्यांत दोन तऱ्हेच्या कड्या एकाआड एक येतात. आंतल्या कडीच्या दोन पट्ट्यांमध्यें दोन लहान रूळ असतात व चक्राचे दाते ह्या रुळांस धरतात. बाहेरच्या कडीच्या दोन पट्ट्या दोन पिनांनीं जखडलेल्या असतात. ह्या पिना रुळांच्या पोटांतून आरपार जातात आणि त्यांचीं टोकें कारखान्यांत ठोकून पसरविलेलीं असतात. एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंतचें अंतर अर्धा इंच असतें, मग सायकल साधी असो वा गिअरची.

अशी ठोकलेली पिन हत्यारानें बाहेर ढकलून साखळी सोडवितां येते. परंतु तीच पिन पुन्हां त्याच भोंकांत बसविली, तर भोंक किंचित् सैल होतें व पिनेचें पसरलेलें टोक झिजतें. जाड साखळी हें सोसते. गिअरच्या बारीक साखळीस तें सोसत नाहीं व ती पुढें त्याच जागीं तुटण्याचा संभव राहतो. ही अडचण दूर करणारी वस्तु म्हणजे उघडती कडी. सायकलीच्या दुकानांत हिला ‘चेनचें लॉक’ म्हणतात. ती नेहमीं बाहेरच्या कडीची जागा घेते. म्हणून जोडावयाच्या साखळीचीं दोन्ही टोकें आंतल्या कडीचींच असावीं लागतात.

उघडत्या कडीच्या दोन जाती आहेत.

पहिली जात साध्या, बिनगिअरच्या सायकलीची. हिचे तीन भाग : दोन पिना पक्क्या बसविलेली एक पट्टी, एक मोकळी पट्टी आणि पोलादाचा एक लहानसा चाप. चापाचें एक टोक बंद व दुसरें उघडें असतें. पिना साखळीच्या दोन्ही टोकांतून घालून त्यांवर मोकळी पट्टी बसवितात, आणि पिनांच्या खांचांत चाप सरकवितात. हा चाप काढावयाचा झाला, तर पकडीचा एक जबडा त्याच्या उघड्या टोकांस व दुसरा जवळच्या पिनेस लावून दाबावें लागतें. म्हणजे उघड्या टोकांवर पडलेला दाब चापास सोडवितो, हें ध्यानांत ठेवा. ह्यावरूनच त्याची दिशा ठरते. साखळी ज्या दिशेनें धांवते, त्या दिशेस चापाचें बंद टोक असलें पाहिजे. साखळीचा वरचा भाग मागून पुढें जातो. तेव्हां कडी वर असतांना बंद टोक हँडलाकडे दिसलें पाहिजे. उलट बसविलेल्या चापास वाटेंत कांहीं आडवें आलें, तर तें बरोबर पकडीचें काम करतें.

हें आम्ही पुस्तकावरून सांगत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं मधल्या सुट्टींत नववीचा एक मुलगा तुटलेली साखळी घेऊन आमच्याकडे आला. आम्हांस अशा कामाची आवड. आम्हीं नवी कडी काढून बसवून दिली. इतक्यांत घंटा झाली आणि चापाची दिशा पाहण्याचें राहून गेलें. संध्याकाळीं तो चढावर उभा राहून पायडल मारीत असतां चाप उडाला, पट्टी निसटली, साखळी सुटली आणि अंगाचा सगळा भार रिकाम्या पायडलावर गेला. तो हँडलावर आदळून रस्त्यावर पडला. हनुवटीस टाके घालावे लागले व पुढचा एक दांत अर्धा तुटला. त्याच आठवड्यांत तशीच कडी आम्हीं आपल्या सायकलीसहि बसविली होती. ती जाऊन पाहिली, तों तिच्या चापाचें उघडें टोक पुढें होतें ! मुलाच्या सायकलीचें चेनकव्हर वांकलेलें होतें व त्याची कड साखळीस घांसत होती. सारा उलगडा झाला.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले. तक्रार दूरच राहिली, ते म्हणाले, “सर, तुम्हीं मुलाला मदत केलीत. पुढचें त्याचें नशीब.” नशीबाचा ह्यांत कांहीं संबंध नाहीं, चूक आमची आहे, असें आम्हीं त्यांस सांगितलें. तें सांगणें सोपें गेलें नाहीं. पण न सांगतां आम्हांस त्या वर्गांत उभें राहवलें नसतें.

दुसरी जात गिअरच्या सायकलीची. हिचे भाग दोनच, आणि दोन्ही बहुधा सारखे. प्रत्येक भागांत एक पट्टी. तिच्या एका टोकास पक्की बसविलेली पिन व दुसऱ्या टोकास लांबट भोंक. हें भोंक एका बाजूस रुंद व दुसऱ्या बाजूस अरुंद असतें आणि पिनेच्या डोक्याखालीं खांच असते. दोन भाग समोरासमोर धरून प्रत्येकाची पिन दुसऱ्याच्या रुंद भोंकांत घालावी व साखळी दोहों बाजूंनीं ओढावी, म्हणजे पिना सरकून अरुंद भागांत अडकतात. येथें एक मौज पाहण्यासारखी आहे. ही कडी उघडण्यास दोन्ही पिना एकमेकींकडे सरकल्या पाहिजेत. परंतु सायकल चालत असतां साखळीवरील ताण त्यांस एकमेकींपासून दूर ओढीत असतो. जो ताण साखळी तोडूं पाहतो, तोच ह्या कडीचें कुलूप होतो.

केवळ बोटांच्या जोरानें ही कडी पुरती बसत नाहीं. ती साखळीच्या वरच्या भागांत मध्यावर आणावी, मागचा ब्रेक घट्ट दाबावा आणि पायडलावर जोराचा भार द्यावा. ‘टक्’ असा आवाज होऊन पिना आपल्या जागीं बसतात. तरी आवाजावर विसंबूं नये. दोन्ही बाजूंनीं डोळ्यांनीं पाहावें. उघडण्यासाठीं खास पक्कड मिळते. ती नसल्यास बुटाची मजबूत नाडी कडीच्या दोन्ही रुळांभोंवतीं फुलीसारखी ओवून तिचीं टोकें ओढलीं, तरी पिना जवळ येतात. त्याच वेळीं दोन्ही पट्ट्या आंत दाबाव्या.

मात्र प्रत्येक उघडती कडी पुन्हां वापरण्याजोगी असतेच असें नाहीं. मागें ८ चक्रें असलेल्या सायकलीची साखळी बाहेरून सुमारें ७ मिलिमीटर रुंद असते. ११ चक्रांची सुमारें साडेपांच. बारीक साखळींत पिनेस बाहेर डोकावण्यास जागा नसते. म्हणून कडी फार घट्ट बसवावी लागते व काढतांना तिच्या कडा झिजतात. श्रॅम कंपनीची ‘पॉवरलिंक’ पुन्हां वापरतां येते. पण १० वा अधिक चक्रांसाठीं असलेली तिचीच ‘पॉवरलॉक’ एकदांच वापरावयाची असते. शिमानोची ‘क्विक-लिंक’हि एकदांचीच. केएमसी कंपनी दोन्ही प्रकार विकते. विपरमान ह्या जर्मन कंपनीची ‘कॉनेक्स’ कडी हत्यारावांचून उघडते व पुन्हां बसवितां येते. तेव्हां वेष्टनावरील सूचना वाचल्यावांचून कडी विकत घेऊं नये.

कोणी पालक विचारतील, साखळी मुळांत उघडावीच कशाला ? एक कारण स्वच्छता. सुटी साखळी रॉकेलांत खळबळून, पुसून व वाळवून प्रत्येक रुळावर तेलाचा एकेक थेंब सोडला, म्हणजे ती हलकी चालते. दुसरें कारण खर्च. माती व तेल मिळून सहाणेसारखें काम करतात. पिना झिजतात व साखळी लांबते. साखळी ताणून तिजवर फूटपट्टी ठेवा. नव्या साखळीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या एक षोडशांश इंच अधिक भरल्या, तर साखळी बदलावी. एक अष्टमांश इंच अधिक भरल्या, तर तोंपर्यंत चक्रांचे दातेहि बहुधा झिजलेले असतात. वेळेवर बदललेली साखळी चक्रांचा खर्च वांचविते.

विद्यार्थ्यांनीं पुढील नियम वहींत उतरून घ्यावे :

१. कडी साखळीच्या मापाचीच घ्यावी.
२. चापाचें बंद टोक धांवेच्या दिशेस ठेवावें.
३. एकदांच वापरावयाची कडी काढल्यावर टाकून द्यावी.
४. रॉकेलाचें काम उघड्या हवेंत, विस्तवापासून दूर व मोठ्या माणसासमक्ष करावें.
५. कडी बसविल्यावर सपाट जागीं सायकल चालवून पाहावी. मगच चढावर न्यावी.
६. घाईंत कडी बसवूं नये. घंटा झाली, तर उशीर होऊं द्यावा.

सहावा नियम आम्हीं स्वतःसाठीं प्रथम लिहिला आहे.

गेल्या महिन्यांत तो मुलगा आपल्या धाकट्या बहिणीची सायकल घेऊन आमच्याकडे आला. कडी त्यानें स्वतःच बसविली, चाप सरकविला आणि हात पुशीत म्हणाला, “सर, एकदां दिशा पाहतां का ?” आम्ही खालीं बसलों व पाहिली. बरोबर होती.