सुनेचं बाळंतपण आणि केशरी कार्ड

प्रश्न : सून सातव्या महिन्यात आहे, पहिलंच बाळंतपण. मुलगा हमाली करतो. केशरी रेशन कार्डावर जनआरोग्य योजनेतून खासगी दवाखान्यात बाळंतपण फुकट होईल का?
– एक वाचक, वाशिम

उत्तर : ताई, त्या भरवशावर थांबू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियांसाठी आहे. वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांचं संरक्षण मिळतं, पण ते फक्त योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच. साधं बाळंतपण त्यात गृहीत धरून खासगीत गेलात, तर बिल तुमच्याच माथी येईल.

तुमचा खरा हक्क वेगळाच आहे आणि त्याला कार्डाचा रंग लागत नाही. 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात प्रसूती, गरज पडल्यास सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सगळं मोफत आहे. बाहेरून औषध आणायला कोणी सांगितलं, तर वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्याच. हा उपकार नव्हे.

पण माझी खरी काळजी पैशांची नाही, सुनेच्या रक्ताची आहे. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब याच आठवड्यात तपासून घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टर गरोदर महिलांना मोफत तपासतात. पाय-चेहरा सुजला, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा रक्त गेलं, तर दिवस भरायची वाट न पाहता 108 ला फोन करा.

पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5,000 रुपयेही मिळतात. आधार आणि बँक पासबुक घेऊन आशाताईंना भेटा.