रांग दिसते, वसाहत दिसत नाही

महापे म्हणजे एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता आणि मधे एमआयडीसीच्या कंपन्या, गोदामं, जुनं गावठाण. इथे रोज ट्रकांतून खोकी उतरतात, लाकडी पॅलेट उतरतात, नर्सरीतल्या कुंड्या येतात. माणसाच्या मालाबरोबर जगभर पसरलेल्या काही मुंग्या अशाच वाटांनी घराघरात शिरतात. त्यांच्यापासून स्वयंपाकघर राखता राखता जे कळत गेलं, ते इथे मांडते आहे. सार एकच: ओट्यावर दिसते ती रांग म्हणजे वसाहतीचा थोडासा भाग. राणी, अंडी आणि अळ्या भिंतीआड असतात. उपाय तिथवर पोहोचला तरच उपयोग.

१. आधी मुंगी ओळखा.
डोकं काळसर आणि पोट इतकं फिकट, की पांढऱ्या ओट्यावर अर्धीच दिसते, ती भूत मुंगी. पिवळसर, जेमतेम दोन मिलिमीटरची, ती फारो मुंगी. लांब पाय, लांब मिशा आणि सरळ रांग न धरता सैरावैरा पळणारी काळी, ती वेडी मुंगी. अंगणातल्या मातीत घर करणारी, डंख मारला की आग आग करणारी लाल मुंगी मूळची अमेरिका खंडातली. मोठा काळा मुंगळा मात्र आपल्याच मातीतला; तो घरात येतो तो बहुधा अन्न शोधत, वस्तीला नाही. कोण आलंय हे कळल्याशिवाय औषध ठरवू नये.

२. रांगेवर स्प्रे मारू नका.
फारो मुंगी आणि भूत मुंगी यांच्या वसाहतीत एक नाही, अनेक राण्या असतात. स्प्रेने समोरच्या मुंग्या मरतात, पण मागे वसाहत बिथरते. कामकरी मुंग्या अंडी, अळ्या उचलतात, राणीला सोबत घेतात आणि दुसरीकडे बिऱ्हाड करतात. आज सिंकखाली असलेली मुंगी मग स्विचबोर्डात, बाथरूमच्या फरशीखाली, गादीच्या कोपऱ्यातही निघते. मुंग्यांच्या खडूत बहुधा पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं. त्यामुळे त्या रेघेवरून मुंग्या वळतात, पण भिंतीतली राणी जिथल्या तिथे राहते. रांगणारं मूल घरात असेल तर फरशीवर अशी रेघ नकोच. हळदीनेही फक्त वाट बदलते.

३. त्यांना आज काय हवंय ते पाहा.
मुंग्यांची भूक बदलत असते. कामकरी मुंग्यांना चालायला साखर लागते, अळ्या वाढवायला प्रथिनं लागतात. म्हणून गावठाणातल्या घरांत गुळाचा डबा जपला तरी सुक्या जवळ्याच्या बरणीला मुंग्या लागतात. रांगेजवळ एका कागदावर साखरपाण्याचा थेंब ठेवा, शेजारी जवळ्याची चिमूट आणि तेलाचा ठिपका. तासाभरात गर्दी कुठे होते ते दिसतं. विष मिसळायचं आमिष त्याच चवीचं करा, नाहीतर ते तसंच पडून राहील.

४. विष सौम्य ठेवा.
हे सगळ्यांत महत्त्वाचं. कामकरी मुंगी पोटात भरून नेलेला रस तोंडातून इतरांना, अळ्यांना आणि राणीला भरवते. विष जहाल असेल तर ती वाटेतच मरते आणि आत काहीच पोहोचत नाही. गर्दी साखरेवर झाली असेल तर शंभर मिलिलिटर कोमट पाण्यात दहा ग्रॅम साखर आणि फक्त एक ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. कॅरमला लावतात तीच पावडर. मोजायला चमच्याचा अंदाज नको, छोटा वजनकाटा घ्या. कापसाचा बोळा त्यात भिजवून झाकणात ठेवा. पहिले काही दिवस गर्दी वाढते, वाढू द्या. त्या दिवसांत रांग पुसू नका, स्प्रे मारू नका, बोळा सुकला की पुन्हा भिजवा. बोरिक पोटात गेलं तर माणसालाही अपाय करतं. म्हणून मुलं आणि मांजर-कुत्री पोहोचणार नाहीत अशीच जागा निवडा, उरलेल्या बाटलीवर ठळक अक्षरांत लिहा आणि ती स्वयंपाकघरात ठेवू नका.

५. रांग थांबली की वास पुसा, मग फट बुजवा.
मुंगी वाटेवर गंध सोडत जाते, मागची त्या गंधावर चालते. साबणाच्या पाण्याने ती वाट नीट घासली की गंध जातो. मग व्हाइट सिमेंट किंवा सिलिकॉनने फटी भरा: टाइलचे सांधे, खिडकीची चौकट, एसीच्या पाइपाचं भोक, सिंकच्या नळीभोवतीची जागा. हा क्रम उलटा नको; आधी फट बुजवली तर आमिष आत जाणारच नाही. रात्री सिंक कोरडं करा, गळता नळ दुरुस्त करा. मुंगी पाण्यासाठीही येते.

६. तयारी मे महिन्यात करा.
डोंगराच्या पायथ्याशी पाऊस जोराचा. जमिनीतली घरं पाण्याने भरली की मुंग्या भिंती चढतात. त्याआधी ग्रिलला टेकलेल्या फांद्या छाटा, रिकामी खोकी काढून टाका. नवी कुंडी घरात घेण्याआधी पाण्याच्या बादलीत थोडा वेळ बुडवून ठेवा. आत वसाहत असेल तर मुंग्या वर येतात. जास्वंदावरचा मावा आणि पिठ्या ढेकूण साबणपाण्याने धुवा. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.

७. दारी कोणाला राहू द्यायचं तेही ठरवा.
आंब्याची पानं जोडून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या आणि आवारातले मुंगळे इथलेच आहेत. ते किडी खातात, मेलेलं साफ करतात. सरसकट औषध मारून त्यांना संपवलं, तर मोकळी झालेली जागा बाहेरून आलेल्या मुंग्यांना मिळते.

८. एकट्या घराने भागत नाही.
पाइपांच्या डक्टमधून आणि वायरिंगच्या नळीतून मुंग्या एका फ्लॅटमधून दुसऱ्यात जातात. एका घरात आमिष आणि शेजारी स्प्रे असेल, तर दोघांचीही मेहनत वाया. म्हणून हा विषय सोसायटीच्या बैठकीत काढा. पेस्ट कंट्रोलवाल्यांना कोणतं औषध वापरणार ते विचारा, फवारणीऐवजी आमिषाचं जेल मागा आणि एका मजल्यावरच्या सगळ्या घरांत ते एकाच आठवड्यात लावून घ्या.