आहाराची नोंद आणि मोबाईल

आहारात सुधारणा करू इच्छिणाऱ्याने प्रथम आपण काय खातो ते लिहून ठेवावे, हे तत्त्व जुनेच आहे. वहीची जागा आता मोबाईलमधील अ‍ॅपने घेतली, इतकेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२० साली असे अ‍ॅप काढले; त्यापूर्वी २०१७ मध्ये तिने ५२८ भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली होती.

वसतिगृहात राहून मी तीन आठवडे अशी नोंद ठेवली. पहिला धक्का चहाने दिला. दिवसाचे पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेली कमाल मर्यादा एवढीच येते! चहाला आपण खाणे समजतच नाही, म्हणून तो हिशेबातून सुटतो. आता मी तीन कपांवर आलो आहे.

उसळीपाशी मात्र हे यंत्र अडखळते. 'एक वाटी' लिहिले की आकडा तत्परतेने मिळतो. पण वाटी केवढी, तर्री किती, हे त्याला कसे कळावे? चहाच्या चमचाभर तेलात सुमारे ४० कॅलरी असतात, आणि आमच्या मेसमधील मावशी तेल चमच्याने मोजत नाहीत. तेव्हा तो आकडा अंदाजच समजावा.

दुसरी उणीव माझीच. मित्राच्या बहिणीच्या लग्नात खाल्लेल्या जिलेब्या मी लिहिल्या नाहीत. रात्री मोबाईलने आठवण केली. ती सूचना मी निमूटपणे पुसून टाकली.