भंगारात हात घालण्याआधी
एसी दुरुस्ती हे माझं काम, भंगार ही वरकमाई. नांदेडकडून हैदराबादला आलेली पोरं विचारतात, यात सुटतं किती? महिन्याचं खोलीभाडं सुटतं, त्यापुढची स्वप्नं नकोत.

लोखंडाला किलोमागे तीसेक रुपये येतात तेव्हा तांब्याला सात-आठशे. सगळा माल एकाच पोत्यात नेला की कबाडी हलक्या मालाचा भाव लावतो. एसीची कॉइल कडेच्या लोखंडी पट्ट्या काढून दिली तर भाव चढतो. खिशात लोहचुंबक ठेवा. पितळी दिसणाऱ्या नळाला ते चिकटलं तर आत लोखंड आहे. पण ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असेल तर चुंबक गप्पच. तिथे कानस मारून आतला रंग बघायचा. स्वस्त मोटारींचं वाइंडिंगही हल्ली बऱ्याचदा ॲल्युमिनियमचंच निघतं.

वायर जाळू नका. पीव्हीसीचा धूर छातीत भरतो आणि जळकं तांबं पडत्या भावाने जातं. जाड वायर ब्लेडने सोला. बारीक वायरीत मजुरीही निघत नाही, ती तशीच विका. कपॅसिटर वीज तोडल्यावरही झटका देतो. नव्या फ्रिजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातकुळीचा. गॅस काढल्याशिवाय कॉम्प्रेसरला टॉर्च लावणारा माणूस धाडसी नव्हे, अडाणी.

भाडं वाचवायला काही जण गोदामातच झोपतात. 23 मार्च 2022 च्या पहाटे सिकंदराबादच्या भोईगुड्यात भंगाराच्या गोदामाला आग लागली आणि वर झोपलेले 11 बिहारी मजूर गेले. माल राहत्या खोलीत नको, जिन्याखाली तर नकोच.

काट्याचं म्हणाल तर एका दुकानात माझं पोतं घरच्यापेक्षा दोन किलोंनी हलकं भरलं. तेव्हापासून आधी पाच लिटर पाण्याचा कॅन ठेवतो. पाच किलोंच्या खाली दाखवलं की पोतं उचलून पुढचं दुकान.

गटाराचं झाकण किंवा केबलचं कोरं बंडल कितीही स्वस्त मिळो, हात लावू नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. जुना एसी घेताना मी ग्राहकाकडून दोन ओळी लिहून घेतो, पत्ता आणि सहीसकट. एकदा रात्री गस्तीच्या पोलिसांनी पोतं उघडायला लावलं. कागद वाचला, ग्राहकाला फोन लावला आणि जा म्हणाले. पोतं परत बांधायला मात्र कोणी हात लावला नाही.