सौद्याचा अहवाल मेलने पोचत नाही

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. सौद्यांचा अहवाल सॉफ्टवेअर रोज रात्री साताऱ्याच्या शाखेला मेल करतं. आठवडाभर तो जात नाहीये. काय तपासावं?

उत्तर : आधी सॉफ्टवेअरमधला सविस्तर लॉग चालू करा; त्याशिवाय सगळे अंदाजच. त्यात ५३५ हा कोड दिसला तर सर्व्हरने लॉगिन नाकारलंय. जीमेल असेल तर मे २०२२ नंतर अशा सॉफ्टवेअरला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. खात्याची दुहेरी पडताळणी चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्या. पोर्ट ५८७, सोबत टीएलएस. टाइमआउट येत असेल तर पोर्ट २५ ठेवलाय का बघा; अनेक इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात. शेवटी २५० आलं तर सर्व्हरने मेल स्वीकारलाय. मग साताऱ्यात स्पॅम फोल्डर उघडायला सांगा. लॉग कुणाला पाठवण्याआधी त्यातला पासवर्ड मात्र जरूर काढा.